परक्या विहारात आईचं पुण्यानुमोदन

हे लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवली ती आईच. तिने म्हटलं असतं, "चमत्कार-बिमत्कार काही लिहू नको वं, आपल्यात नाही चालत ते." खरंच नाही चालत. आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस, अंगारे, कौल यांना थारा नाही. मी तर त्याच्याही पुढे गेले होते. कॉलेजात गेल्यापासून मी विहारात जाणंच सोडलं. आई पांढरी साडी नेसून दर रविवारी नागपूरजवळच्या वाडीतल्या विहारात वंदनेला जायची, जाताना मला हाक मारायची, आणि मी अभ्यास, नोकरी, डोकेदुखी, जे सुचेल ते पुढे करायची. वंदनेने होतं तरी काय, असं एकदा मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "होत काही नाही. मन जाग्यावर येते." मी हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मी आणि माझा नवरा सुमेध, दोघंही चाळिशीला टेकलेले. मूलबाळ नाही. धरमपेठेतला भाड्याचा फ्लॅट सोडला, नोकऱ्या सोडल्या आणि पाठीवर एकेक बॅग घेऊन सात महिने पूर्वेकडचे देश हिंडायला निघालो. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. आई तेवढी म्हणाली, "पाय चालते तोवर फिरून घ्या." आता शेवटचे तीन आठवडे उरले होते. आम्ही लाओसच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका खेड्यात एका आजीच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. खरं सांगायचं तर दोघंही कंटाळलो होतो. रोज नवी गादी, रोज बॅग भरणं, आणि साबण कोणी संपवला यावरून भांडण. सुमेध तर वरणभाताला किती दिवस उरले ते मोजत होता.

अशात सकाळी दादाचा फोन आला. दादा वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे, आई त्याच्याकडेच असायची. तो म्हणाला, "आई गेली." मी म्हटलं, "कुठे?" इतकी मी मूर्ख. मग तो रडायला लागला आणि मला कळलं.

"तू येऊन राहिली का? सांग, तसं ठेवतो आईले," तो म्हणाला. आदल्या रात्रीच आमच्या गावचा एकमेव रस्ता दरड कोसळून बंद झाला होता. रस्ता मोकळा असता तरी नागपूर गाठायला अडीच दिवस लागले असते. मी त्याला म्हटलं, "नको ठेवू. करून घे." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, देव जाणे, असं लिहिणार होते, पण आमच्यात तेही नाही. दादा म्हणाला, "तिसऱ्या दिवशी विहारात पुण्यानुमोदन ठेवतो. व्हिडिओवर दाखवीन तुले." गेलेल्या माणसासाठी सगळे जमून वंदना घेतात आणि आपलं पुण्य त्याच्या नावे अर्पण करतात, ते पुण्यानुमोदन. निदान ते तरी डोळ्यांनी दिसेल, एवढा एकच आधार राहिला. संध्याकाळी वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्कही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बॅग उचलली आणि चालत निघाले. दरडीवरून पलीकडे जायचं, पुढे मिळेल त्या गाडीने नेटवर्क असलेल्या गावी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. सुमेध मागे धावत आला. "काहून हट्ट करून राहिली तू? डोंगर अजून सरकून राहिला!" मी ऐकलं नाही. चार पावलं गेले आणि मांडीपर्यंत चिखलात रुतले. वरून दगड घरंगळत होते. सुमेधने मला बॅगेच्या पट्ट्यांना धरून मागे ओढलं, आणि वाचवणाऱ्या त्या माणसावर मी ओरडले, "तुझ्या फिरण्यापायी माझी माय गेली!" हे खोटं होतं, हे मलाही माहीत होतं. फिरण्याची हौस माझीच जास्त.  घरी आल्यावर त्याने नळाशी बसून माझे बूट धुतले.

आजी हे सारं बघत होती. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला येत नव्हती, आणि नेट नसल्यामुळे फोनवरचं भाषांतरही बंद. सुमेधने तिला फोनमधला आईचा फोटो दाखवला, माझ्याकडे बोट केलं आणि डोळे मिटून हात जोडले. ती हळहळली. मग एकदम थांबली. फोटो वाडीच्या विहारातला होता, आईच्या मागे बुद्धांची मूर्ती होती. आजीने त्या मूर्तीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग माझ्याकडे वळवलं. मी मान हलवली. मान हलवताना मनात चोरट्यासारखं झालं. सात महिन्यांत आम्ही कितीतरी विहार पाहिले होते, चपला हातात आणि कॅमेरा गळ्यात घेऊन. एकाही ठिकाणी मी हात जोडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन हातात धरून बसले होते. नेटवर्क नव्हतंच. आजी दारात आली. अंगावर स्वच्छ पांढरी ओढणी, हातात भाताची टोपली आणि फळं, आणि माझ्यासाठी तशीच दुसरी ओढणी. मी नको म्हटलं. ती गेली नाही, पायरीवर बसून राहिली. शेवटी मी उठले ते भक्तीने नव्हे. पुन्हा नको म्हणायलाही अंगात जोर उरला नव्हता, म्हणून गेले. सुमेध मागोमाग आला.

गावचा विहार लहानसा, लाकडी. पावसाळ्यात भिक्खू एकाच जागी राहतात, ते वर्षावासाचे दिवस, त्यामुळे गावातल्या बायका भिक्खूंसाठी जेवण घेऊन आलेल्या. आजी त्यांच्या कानात काहीतरी बोलली, तशा सगळ्या सरकल्या आणि मला पुढे बसवलं. तिथले म्हातारे भिक्खू, भन्ते, काहीतरी म्हणू लागले. आधी मला काहीच कळलं नाही, त्यांचे हेल अगदीच निराळे. मग एक शब्द ओळखीचा वाटला, मग दुसरा. ती पाली भाषा होती. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ऐकलेलं तेच वंदन, बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याचं तेच त्रिशरण. वीस वर्षांत मी ते एकदाही म्हटलं नव्हतं, आणि माझे ओठ हलायला लागले. भन्तेंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. हाताने खूण केली, म्हण.

मी म्हटलं. वाडीच्या विहारात बायका ज्या चालीत म्हणतात त्या चालीत, आईच्या चालीत म्हटलं. आवाज फाटत होता. दुसऱ्या ओळीला मी अडकले, तर मागून त्या अनोळखी बायकांनी ती ओळ उचलली आणि पुरी केली. शेवटपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. आईला मी कितीदा एकटीला विहारात जाऊ दिलं, ते सारे रविवार त्या वेळी माझ्यासमोर उभे राहिले, आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा मी रडले.

मग आजीने माझ्या हातात पाण्याचं छोटं भांडं दिलं. भन्ते म्हणत होते तोवर मी वाटीत पाण्याची बारीक धार सोडत होते. हे गेलेल्यांच्या नावे पुण्य देण्यासाठी असतं, हे कोणी मला सांगायची गरज पडली नाही. ते पाणी मी बाहेर एका झाडाच्या मुळाशी ओतलं आणि आईला म्हटलं, जा आता. सुमेधची मी तिथेच माफी मागितली.

आजीला काय सुचलं, त्याच फोटोत मूर्ती का होती, यावर मी फार विचार केलेला नाही. वाडीत त्या घडीला काय चाललं होतं, तेही घड्याळ जुळवून पाहिलं नाही. मला एवढंच समजलं की मी जोर लावला तेव्हा चिखलात रुतले, आणि जोर संपला तेव्हा कोणीतरी मला उठवून नेलं. शरण जाणं आई रोज म्हणायची. मला ते करायला इतक्या दूर जावं लागलं. त्या आजीचं नावसुद्धा मी विचारलं नाही, पण रोज तिला वंदन करते.

पाच दिवसांनी रस्ता खुला झाला आणि आम्ही राहिलेला प्रवास सोडून नागपूरला आलो. दादा दारातच माझ्या पाया पडायला वाकला. मोठा भाऊ, माझ्या पाया! आई आठ दिवस दवाखान्यात होती, हे तेव्हा कळलं. "तिनंच शपथ घातली होती वं बाई," तो म्हणाला. "म्हणे, तिले सांगू नको, पुरं फिरू दे. मी ऐकलं तिचं. तुले शेवटचं पाहू नाही देल्लं मी."

महिनाभरापूर्वीची मी असते तर त्याच्याशी आयुष्यभरासाठी बोलणं सोडलं असतं. मी त्याला उठवून जवळ घेतलं. माझा हा भाऊ अडीच आठवडे हे एकटाच पोटात घेऊन फिरत होता.

"नको रडू, दादा," मी म्हटलं. "मी आईले निरोप देऊन आली."