वार न्यायला येणाऱ्या मॅडम

"सिस्टर, विचारलंत?"

नमस्कार-चमत्कार नाही, आधी हे. एका हातात बर्फाची निळी पेटी, दुसऱ्या हाताने दारात चपला काढत मॅडम हाच प्रश्न टाकायच्या. कामशेतच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स. बाळामागून पडते ती वार न्यायला त्या लोणावळ्याहून यायच्या आणि तशाच पुढे पुण्याला प्रयोगशाळेत जायच्या. पण आमच्याकडे वार दारात पुरतात. त्यामुळे घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय त्या पेटीचं झाकणही उघडायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई वारेचं करायची काय? मीही विचारलं होतं.

"अहो, बाळ अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच की. साधा काटा रुतला तर शरीर पू करून बाहेर ढकलतं, मग बाळाला नऊ महिने कसं ठेवून घेतं? ही वार मध्ये पडून समजूत घालते. आणि मेल्या कॅन्सरने तीच विद्या चोरलीय. वाढत राहतो, आणि शरीराचे राखणदार त्याला घरचाच समजतात."

आमची आया ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी वार लय गुणाची, आन् त्यो भामटा!"

"मावशी, हे सांगायला मला तासभर लागतो हो," मॅडम म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

आता माझी लबाडी सांगते. पवना धरणाकडच्या एका शेतकरी घरातली सून आमच्याकडे बाळंत झाली. आधी तीन वेळा पोटातलं गेलेलं. चौथ्यांदा मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. अशा बाईची वार मॅडम वर्षभर शोधत होत्या. सासू चहा प्यायला बाहेर गेलेली आणि मॅडम नेमक्या दारात. "विचारलंत?" मी सरळ "हो" म्हणून मोकळी झाले. म्हटलं, नंतर सांगू सासूला, कुठं काय बिघडतंय!

सासू आली ती हातात नवं मडकं घेऊन. "वार कुटंय? म्या सकाळीच खड्डा करून आलीये. तीनदा रिकाम्या हातानं घरी गेलो आमी, बाई." मी तशीच फोनकडे धावले.

फोन केला तेव्हा मॅडम पुण्याच्या वाटेवर उर्से टोलनाक्याजवळ पोचल्या होत्या. वार ताजी असतानाच कामाची, माघारी फिरलं की वर्षाची वाट पाहणं पाण्यात. "आले," एवढंच म्हणाल्या.

माघारी आल्या आणि पेटी दोन्ही हातांनी सासूपुढे धरून म्हणाल्या, "मावशी, चुकले. मी स्वतः तुम्हाला विचारायला हवं होतं." माझं नावसुद्धा घेतलं नाही हो! मी कोपऱ्यात मेल्याहून मेल्यासारखी.

सासूने मडकं खाली ठेवलं आणि पेटीचं झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाली, "ह्याचं करता काय तुमी?" मॅडम तिच्याशेजारी बाकावर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"मंग आमची तीन का न्हाई टिकली, त्ये कळंल?"

"खोटं नाही बोलणार. तुमचं कळेलच असं नाही. पुढे कुणाचं तरी कळेल."

"कुणाच्या तरी लेकीचंच की त्ये. न्हखाएवढी घ्या. बाकीची आमच्या दारात."

मॅडमनी खरोखर नखाएवढीच घेतली. त्यानंतर अख्खी वार त्यांनी कधी नेली नाही. छोट्या कुप्या घेऊन यायच्या, इथेच तुकडा कापायच्या आणि उरलेली घरच्यांच्या हातात द्यायच्या. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी घरी जाऊन ढसाढसा रडले.

गेल्या वर्षी त्यांनाच कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर मी लोणावळ्याला भेटायला गेले. ओळखू येईनात, पण बोलणं तसंच. "सिस्टर, ऑपरेशनच्या आधी एक मुलगी सही घ्यायला आली होती. गाठ संशोधनासाठी ठेवू का म्हणाली. नीट विचारलं हं तिने!"

"मग?"

"म्हटलं, अख्खी घे बाई. ही काय दारात पुरायचीय?"

त्या हसल्या. मला हसू येईना.

महिन्याभरात गेल्या. आजारी पडल्यावर आमच्याकडे ठेवलेली त्यांची निळी पेटी अजून आमच्या कपाटात आहे. परवा प्रयोगशाळेतून फोन आला, पेटी पाठवून द्या म्हणून.

मी म्हटलं, "थांबा, त्यांच्या घरच्यांना विचारून सांगते."