दोर हाताला गुंडाळू नये

काल आमच्या वाशीच्या सोसायटीखाली वरातीची घोडी उभी होती. तिच्या घामाचा नि गवताचा वास आला आणि मला तुर्भ्याचे रामभाऊ आठवले.

ऐंशीच्या सुमारास मी एम.ए. करत होते. मध्ययुगीन इंग्रजीचा पेपर जड जात होता. त्यात घोडे हाताळण्याचे, बांधण्याचे कितीतरी शब्द होते आणि मी घोड्याला कधी हातही लावला नव्हता. वडील म्हणाले, "चल, रामभाऊंनाच विचारू." वरातींना घोडी देणारे रामभाऊ त्यांच्या ओळखीचे होते.

त्यांच्या तबेल्यात मी वहीतून 'हॉल्टर'चा अर्थ वाचून दाखवला, घोड्याच्या तोंडाभोवती अडकवायची दोरी. "म्हंजे मोहरकी," रामभाऊ म्हणाले. 'हॉबल' म्हणजे पायबंद. मग त्यांनी एका घोडीच्या मोहरकीचा दोर माझ्या हाती दिला. सुटू नये म्हणून मी तो मनगटाभोवती गुंडाळला. त्यांनी झडप घालून तो सोडवला.

"असं कधी करू नका, ताई!"

मला अपमान वाटला. आज तो क्षण आठवला की मी नकळत मनगट चोळते.

कारण तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि घोडी उधळली. दोर माझा तळहात सोलत निसटून गेला. थोडं पुढे जाऊन ती आपणहून थांबली.

रामभाऊंनी तळहातावर हळद दाबली, तेव्हा प्रथमच दिसलं, त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता.

"हे तुमच्या पुस्तकात न्हाई का लिवलेलं?" त्यांनी विचारलं.