गाडीची नवमी

शाळा माझी पाचवीतच सुटली. पुढचं सगळं गिंडीच्या कारखान्यात, लेथ यंत्रापाशी शिकलो. तिथे खंडेनवमी, म्हणजे इथल्या तमिळ लोकांची आयुधपूजा, जवळ आली की यंत्र खोलायचं, साफ करायचं, झिजलेलं बदलायचं आणि मग गंध-फुलं. हीच रीत मी गाडीला लावली. खंडेनवमीच्या आधी सर्व्हिसिंग, पूजेला चाकांखाली लिंबं. वर्षाची काळजी मिटली.

मुलगी वेलचेरीतच, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ती म्हणायची, गाडी जुनी झाली, दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग हवं, गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलंय. मी विचारलं, गाडी चालते किती? आठवड्यातून एकदा तुझ्या आईला गुडघ्यांच्या व्यायामाला नुंगंबाक्कमला नेतो, तेवढीच. ती म्हणाली, उभ्या गाडीचंही तेल खराब होतं. पुस्तकं वाचून मी कधी लेथ चालवला नाही. ऐकलं नाही.

पोंगल, म्हणजे इथली संक्रांत, झाल्यावर एकदा गिंडीच्या पुलावर चढताना बॉनेटमधून वाफ आली. मागे बसवाल्याचा हॉर्न, बाजूला शेअर ऑटोतली माणसं उतरून ढकलताहेत, आणि ही आत पर्स मांडीवर घेऊन बसलेली. पाण्याचा पाइप चिरला होता. तो बदलला, माझ्या लेखी विषय संपला. मुलीनं मात्र पुढच्या आठवड्यापासून आईसाठी टॅक्सी बोलावली. म्हणाली, सर्व्हिसिंग होईपर्यंत आई या गाडीत बसणार नाही.

लग्न झाल्यापासून ही माझ्याच मागे बसत आलेली. आधी सायकल, मग स्कूटर. आता मी पुसलेल्या गाडीपाशी उभा आणि ही परक्याच्या गाडीत बसून फाटकाबाहेर जाते. पण आता नमलो तर मुलीचं खरं ठरतं.

हिला ते कळत होतं. एका संध्याकाळी कढीपत्ता निवडता निवडता म्हणाली,

"अहो, खंडेनवमी पाळता, मग रामनवमीनं काय घोडं मारलंय?"

"ती आयुधांची नव्हे."

"का? रामाच्या हातात धनुष्य नाही?"

चैत्र ते आश्विन मी मनातल्या मनात मोजले, सहा महिने. आश्विनातून पुन्हा चैत्र. बाई बरोबर बोलत होती.

रामनवमीच्या आधी गाडी गॅरेजात दिली. तेल, फिल्टर, ब्रेक, सगळं उभं राहून करवून घेतलं. मुलीला बजावलं, हे तुझ्या पुस्तकाप्रमाणे नव्हे, पंचांगाप्रमाणे आहे.

"पंचांगही पुस्तकच की, अप्पा," ती म्हणाली.

म्हणू दे. त्या आठवड्यात टॅक्सी आली नाही. ही जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश खाली आली, पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली, आणि पट्टा लावता येईना म्हणून मलाच लावायला सांगितला.