चारपर्यंत लाईट नाही

आराधनाला अप्रेंटिस म्हणून घेतलं तेव्हा तिच्या आईनं, दयाबाईंनी, रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या दारात पेढे वाटले. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून, वर्षभरासाठी का होईना, वीज उपकेंद्रात कामाला जाणारी त्या घरातली ही पहिलीच मुलगी.

उपकेंद्रात ती बरंच काही शिकत होती. कुठला फीडर कुठल्या गावांना जातो, लाईन दुरुस्तीला कशी बंद करून द्यायची, परत कशी चालू करायची. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्यातलं एकच कळत होतं. लाईट कधी जाणार आणि कधी येणार, हे आता आपल्या पोरीला आधी समजतं.

"आराधना, उद्या सकाळी लाईट हाय का गं? दळन न्यायचंय."

"अगं, मोटारीला दिवसा लाईट कवा देनार हायेत? नुसतं रात्रीचं जागरन करायला लावलंय."

ती सगळ्यांना उत्तरं द्यायची. उत्तर देताना तिची हनुवटी जराशी वर जायची. दयाबाईंना ते दिसायचं आणि आवडायचंही.

त्या दिवशी फोन आला तो दानीएलमामाचा. दयाबाईंचा हा भाऊ त्यांच्याच गावात, कोल्हारला, शेती करायचा. आराधनाचे वडील गेल्यापासून तिच्या शिक्षणाकडे त्यानंच लक्ष दिलं होतं. कॉलेजची बस चुकली की मोटारसायकल काढायची ती मामानंच.

"बाळ, आमच्या डीपीच्या पेटीतली फ्यूजची तार गेली. कांद्याला पानी द्यायचंय. आता लाईट न्हाईच ना?"

लाईट नव्हतीच. त्या फीडरवरचे तडकलेले इन्सुलेटर बदलायला लाईन बंद करून घेतली होती आणि लाईनमन बजरंग खांबावर होता.

"बजरंगभाऊंना सांगा ना मामा. ते तिकडंच आहेत."

"त्याला कशाला खाली उतरवायचं? तार काय, मीबी घालतो की. सगळेच घालत्यात."

ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत अशी तार सगळेच घालत होते, हे खरंच होतं. "चारपर्यंत लाईट नाही मामा," आराधना म्हणाली. "खुशाल करा."

असं कुणाला सांगायचं नसतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बजरंग तर लाईन बंद झाल्यावरसुद्धा तारेला अर्थिंगची साखळी अडकवल्याशिवाय हात लावायचा नाही. वर तिची थट्टा करायचा, "मॅडम, तार मेली आसं सायबानं सांगितलं म्हनून ती मरत न्हाई. आमी आदी तिचं प्रेत बघतो, मग खांदा देतो."

काम लवकर आटोपलं. बजरंगनं माणसं खाली उतरवली, साखळी काढली, उपकेंद्रात फोन केला आणि ऑपरेटरनं फीडर चालू केला. तेव्हा आराधना त्याच्या शेजारीच बसून डबा खात होती. तिला मामा आठवलासुद्धा नाही.

मामा वाचला. उजवा तळवा आणि बोटं भाजली. दवाखान्यात उपकेंद्राचे साहेब चौकशीला आले. लाईन चारपर्यंत बंद आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. दानीएलमामानं क्षणभर छताकडे पाहिलं आणि सांगितलं, "बजरंगनं."

बजरंग ठेकेदाराचा माणूस. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस, असं त्याला सांगण्यात आलं.

"तुझं नाव घेतलं आसतं तर तुला काडूनच टाकलं आसतं," मामा आराधनाला एकटीला म्हणाला. "बजरंगचं काय, चार दिवस वरडतील नि परत बोलावतील. त्याच्याबिगर चालतंय व्हय त्यांचं?"

दयाबाईंनी घरी येऊन तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. "मामानं तुझ्यासाठी जीभ विटाळली. आता तू तोंड उघडून त्याला खोटा पाडू नको."

मामीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

मामा घरी आल्यावर आराधना रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागली. भांडी घासायची, कपडे वाळत घालायची. मामी शर्टाची बटणं लावायची तेव्हा मामा लहान मुलासारखा मान वर करून उभा राहायचा. नाडी बांधायची वेळ आली की आराधना उगाच मोरीत जाऊन नळ सोडायची. जेवताना मामी भाकरीचा घास करून त्याच्या तोंडात घालायची आणि मामा आराधनाकडे न बघता चावत राहायचा.

"किती करते गं पोर," मामी दयाबाईंना म्हणायची. "पोटची आसती तरी इतकं केलं नसतं." आणि निघताना सकाळच्या डब्यासाठी म्हणून शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. ती चटणी आराधना खायची नाही. उपकेंद्रामागच्या कुत्र्याला तिखट चालत नव्हतं, म्हणून ती मातीत पुरून टाकायची.

जेवणाआधी प्रार्थना व्हायची. डोळे मिटून मामी म्हणायची, "प्रभू, ह्यांचा हात बरा कर. आनि त्या बजरंगला क्षमा कर. त्यानं मुद्दाम केलं नसंल. त्याच्या लेकराबाळांवर राग धरू नको."

"आमेन," मामा म्हणायचा. "आमेन," दयाबाई म्हणायच्या. आराधनाही म्हणायची.

मग एका संध्याकाळी बजरंगच आला. हातात पिशवी, पिशवीत गावरान अंडी. दारातच घुटमळला. एरवी गावभर बडबड करणारा माणूस, आज पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला.

"दानीएलभाऊ, मी लई इचार केला," तो शेवटी म्हणाला. "खांबावर चढायच्या आदी दहाजनांनी इचारलं आसंल, लाईट कवा येनार म्हनून. सगळ्यांना मी चारच सांगितलं. तुमी त्यात हुता का, मला आठवत न्हाई. पर तुमी म्हनता म्हंजी आसाल. मीच म्हनालो आसंन. लाईन चालू करायच्या आदी तुमच्याकडं एकदा बघायला पायजे हुतं मी. झोप न्हाई मला."

मामा बांधलेल्या हाताकडे बघत बसला. मामी डोळे पुसत म्हणाली, "बस भाऊ. च्या घे. आमी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

आराधना कपबश्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दयाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. नको.

"बजरंगभाऊ, तुम्ही नव्हतं सांगितलं," आराधना म्हणाली. "मी सांगितलं होतं. फोनवर. चारपर्यंत लाईट नाही, खुशाल करा, असं म्हणाले मी."

मामीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. कुणाच्या तोंडावर नवल दिसेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"म्हंजी तुमाला सगळ्यांना ठावं हुतं?" ती म्हणाली. "आनि मला देवाम्होरं ह्याचं नाव घिऊ दिलं? वर आमेन म्हनलात?"

मामानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामी उठली आणि आत गेली.

बजरंगनं ट्रेमधला कप उचलला होता तो परत ठेवला. रागावला असता तर आराधनाला सोपं गेलं असतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, जसं पोळलेल्या जागेवर फुंकर घालावी की नाही हे न कळणारा माणूस बघतो.

"मी बायकोला बी सांगितलं, माझ्यामुळं झालं म्हनून," तो म्हणाला. "पोरांना बी सांगितलं."

अंड्यांची पिशवी तिथेच ठेवून तो गेला.

सकाळी आराधना स्कूटी काढत होती, तेव्हा बजरंग रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर बसलेला दिसला. "सायेब दहाला येत्यात," एवढंच म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. सगळ्या वाटेवर तो तिच्या मागून आला. पुढे गेला नाही आणि फार मागेही राहिला नाही.

दयाबाईंनी निघताना डबा दिला होता. त्यात चटणी नव्हती.

साहेबांनी मान वर करून दोघांना एकत्र आलेलं पाहिलं. "काय रे बजरंग? तुला येऊ नको म्हणालो होतो ना?"

बजरंग भिंतीला टेकून उभा राहिला. तो वाट बघत होता.

"सर," आराधना म्हणाली, "त्यांनी नाही, मी सांगितलं होतं."