बाबांच्या डोळ्यातलं मांस

यंदाचा पावसाळा मी बोईसर आणि किनाऱ्यावरचं आमचं गाव यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत काढला. सकाळी शाळा, तिथे मी नववीला विज्ञान शिकवते. शाळा सुटली की शेअर रिक्षा, आणि माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत मोबाइलचा टॉर्च चालू. आई आतूनच ओरडायची, "आली बघा इन्स्पेक्टर." बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. मी म्हणायचे, वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. ते बघायचे. "तुझ्या टॉर्चनंच जायचा माझा डोला, बाय," असं पुटपुटायचे, पण बघायचे.

बाबा तांडेल आहेत. बोटीचं सुकाणू त्यांच्या हातात असतं, आणि कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं हे ते पाण्याच्या रंगावरून ठरवतात. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत होतं. आमच्या बंदरावर हे इतक्या जणांच्या डोळ्यात दिसतं की त्याला कुणी आजार म्हणतच नाही. ऊन, वारा, खारं पाणी, एवढं सोसल्यावर डोळ्यात काहीतरी येणारच, असा सगळ्यांचा हिशेब. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की दाखवू, असं बाबा दर वर्षी म्हणायचे, आणि बोटी बंद झाल्या की म्हणायचे, आता कशाला, आता तर घरीच हाय मी.

मग यंदा बोटी बंद व्हायच्या आधी एकदा संध्याकाळी बंदरात शिरताना त्यांना समोरच्या बोटीचा दिवा पसरट दिसला आणि बोट धक्क्याला घासली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझा भाऊ त्यांच्याच बोटीवर असतो, त्यानं मला फोनवर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे जवळजवळ ओढलंच.

डॉक्टरबाई शांत होत्या. मला शांत माणसांचा फार राग येतो. त्यांनी मशीनमधून मलाही दाखवलं. बुबुळावर एक गुलाबी त्रिकोण चढला होता, टोक बाहुलीच्या काठाशी. त्यात लाल दोरे. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. ते मांस काढायचं आणि त्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा बसवायचा. "तो धरला की झालं. पण पुढचे दोन-तीन महिने वारा, ऊन, खारं पाणी काही नको. हे परत येतं. परत आलं तर आधीपेक्षा जोरात येतं आणि बाहुली झाकून टाकतं. तेव्हा बसवायला चांगला तुकडा मिळेलच असंही नाही."

बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "नारळी पुनवेला दर्यात जायला मिळंल ना?" डॉक्टरबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. परतीच्या गाडीत उमरोळी गेलं, बोईसर आलं, तरी बाबा खिडकीबाहेरच बघत होते.

ऑपरेशन नीट झालं. आणि त्याच आठवड्यात वर्गात धडा आला ऊतींचा. हा धडा मी डोळे मिटून शिकवू शकते. अभिस्तर ऊती म्हणजे शरीराची अस्तरं. फुप्फुसात एकाच थराची, चपट्या पेशींची, कारण हवा पलीकडे जायची असते. आतड्यात उभट पेशी, मूत्रपिंडाच्या नळ्यांत ठोकळ्यांसारख्या. श्वासनलिकेच्या अस्तराला बारीक केस असतात, ते धूळ वर ढकलतात, इथवर आले आणि एमआयडीसीकडून नेहमीचा तो वास आला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमचे केस कधीच गळाले असतील." वर्ग हसला. मीही हसले आणि खिडक्या लावायला सांगितल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, डोळ्यावर कोणती असते?"

पुस्तकात ते नाही. स्तरित, असं एका शब्दात सांगून मला पुढे जाता आलं असतं. पण मी सुटलेच. म्हटलं, कातडीवरही थरावर थर असतात, पण कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेला असतो. म्हणून ती ऊन सोसते, मीठ सोसते, घासली तरी चालते. बुबुळावरही थर आहेत, पण तिथे अगदी वरची पेशीसुद्धा जिवंत असते. तिला सतत ओलं ठेवावं लागतं. तिथे रक्ताची एकही नळी चालत नाही, नाहीतर आरपार दिसणार कसं? पांढऱ्या भागावरचं अस्तर वेगळं, त्यात रक्तवाहिन्या असतात, आणि त्यानं काळ्याच्या कडेला थांबायचं असतं. ते कड ओलांडून आत आलं की आपले लाल दोरे घेऊनच येतं. मी फळ्यावर डोळा काढला, त्यावर त्रिकोण काढला. खडू दोनदा मोडला. घंटा झाली तरी माझं चालूच होतं. मुलं माझ्याकडे जरा घाबरून बघत होती. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. वडिलांचा डोळा जाईल ही भीती मी नववीच्या पोरांना समजावून सांगत होते.

त्या दिवशी घरी गेले तर बाबा खाली बसून जाळं शिवत होते. वाळलेल्या जाळ्यातून मिठाची पूड उडत होती. माझं डोकं फिरलं. मी जाळं हिसकावलं, गुंडाळून पडवीत फेकलं आणि तोंडाला येईल ते बोलले. बोटीपायी डोळा घालवणार का, आम्ही मेलो का, असलं काहीबाही. बाबा उठले नाहीत. सुई हातात तशीच धरून म्हणाले, "मंग मी काय करू ते सांग. बसून बसून माणूस कुजतो, बाय."

आई जाळं उचलून आत घेऊन गेली. परत येऊन मला म्हणाली, "तू रोज येतंस, बघतंस, भांडतंस नि जातंस. त्याला इथं दिवसभर बसायचं हाय." मी चहा न घेता निघाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्च घेऊन हजर झाले. तुकडा धरला होता. लाली उतरत होती. तरी मला चैन नव्हतं, कारण पौर्णिमा जवळ येत होती आणि बाबा तिचं नाव काढत नव्हते.

पौर्णिमेच्या दिवशी मी रजा टाकली. बोटी रंगवलेल्या, झेंडे लावलेले, बायका ठेवणीतल्या साड्यांत, बेंजो वाजत होता. यंदा सुकाणू भाऊ धरणार हे ठरलं होतं. कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, निदान माझ्यासमोर तरी त्यावर बोलणं झालं नव्हतं. बाबा दवाखान्यातला काळा गॉगल लावून आले. दोघा-तिघांनी "काय हिरो" म्हणून चिडवलं, बाबा हसले. नारळ तेवढा त्यांनीच द्यायचा होता. मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभी होते आणि पाण्याकडे कमी, त्यांच्या मानेकडे जास्त बघत होते.

ते गुडघाभर पाण्यात गेले. नारळ सोडला, हात जोडले. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं. आमच्याकडे नारळ दिल्यावर दर्याचं पाणी डोळ्यांना लावतात. बाबा ते लहानपणापासून करत आले आहेत, त्यासाठी विचार करावा लागत नाही. त्यांनी एका हातानं गॉगल कपाळावर सरकवला.

"बाबा!" मी साडीसकट पाण्यात धावले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

बाबांचा हात डोळ्यापाशी थांबला होता. मी थांबवलं म्हणून नव्हे, मी अजून पोचलेच नव्हते. ते स्वतःच थांबले होते आणि बोटांच्या फटींतून पाणी गळताना बघत होते. मी जवळ गेले तेव्हा तळहात नुसता ओला उरला होता. तो त्यांनी माझ्या डोळ्यांवर ठेवला. आधी एका, मग दुसऱ्या. तळहात खरखरीत होता आणि पाणी डोळ्यांत झोंबलं. गॉगल खाली ओढत ते म्हणाले, "दर्याला सांगितलं, यंदा माझ्याबदली पोरीनं लावलं म्हणून."

मी डोळे चोळत होते तोवर बोटी सुटल्या. आमचीही सुटली. भाऊ सुकाणूपाशी उभा होता आणि वळून वळून किनाऱ्याकडे बघत होता. आता बाबा इथेच उभे राहणार, बोट दिसेनाशी होईपर्यंत, मला पुन्हा भांडावं लागणार, या तयारीनं मी त्यांच्याकडे वळले. पण ते पाठ फिरवून वाळूवरून चालायलाही लागले होते. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. विचारलं, "बोट नाय बघायची?"

"वारा लागतोय," बाबा म्हणाले. "चल घरी."

जन्मभर वाऱ्यात उभा राहिलेला हा माणूस. वारा लागतो असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सबंध पावसाळा मी त्यांच्याकडून नेमकं हेच मागत होते. ते मिळालं, तेव्हा मला त्यांच्याशेजारी चालताना वर मान करून बघवेना.