थोरलीचा आवाज

गटात सगळ्या तिला थोरली म्हणत. वयानं नव्हे, एचआयव्हीच्या गोळ्या सर्वांत जास्त वर्षं तीच घेत होती म्हणून. एरवी ती कपडे दुरुस्त करणारी शिंपीण. तोंडानं फटकळ, हातानं नेटकी. नवरा मारकुटा होता. तो अपघातात गेला आणि आजार तिच्यापाशी ठेवून गेला. मारहाणीचं तिनं सांगितलं तेव्हा सासरच्यांनी कानांवर हात ठेवले. "माझा दादा असा नव्हताच," असं नणंद चारचौघांत म्हणाली होती. मग आजाराचं थोरलीनं कुणाला कळूच दिलं नाही. दुकान सासऱ्यांच्या जागेत होतं. कळलं असतं तर मशीन रस्त्यावर आलं असतं.

गट दर बुधवारी दुपारी फोनवर भरे. चेहरे नाहीत, नावं नाहीत, नुसते आवाज. नवीन बाई बोलली की पहिलं उत्तर थोरलीनं द्यायचं, हा शिरस्ता. तिची बोलणी खाल्ली की नवखीचं रडू पळतं, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्या बुधवारी 'पाहुणी' म्हणून एकजण आली. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं, आजारही त्याचाच, आणि हिनं गोळ्या बंद केलेल्या. "कशाला घेऊ? कुणासाठी?" म्हणत ती हुंदके देऊ लागली.

थोरलीच्या हातातली पँट खाली पडली. आवाज नणंदेचा होता.

सगळ्या वाट पाहत होत्या. तोंड उघडलं की ओळख पटणार, आणि नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही. गप्प बसावं, दुसरी कुणी बोलेल. क्षणभर तर 'भोग आता' असंच मनात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"रडून झालं की ऐक," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. मी येते बरोबर."

पलीकडचे हुंदके थांबले. मग हळूच, "वहिनी?"

"हो, मीच."

"तुलापण?"

"तुझ्या दादाकडूनच."

दुकान गेलं, असं थोरलीनं मनाशी धरून टाकलं.

"तुझ्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते, वहिनी," नणंद म्हणाली. "पाहूनसुद्धा नाही म्हणाले."

"ठाऊक आहे. आरशात दिसली होतीस तू मला," थोरली म्हणाली. "सकाळी काहीतरी खाऊन ये. रांग मोठी असते."