राख, रजा आणि मेल्विनचं लग्न

तिकिटांच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साचतात तसे. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात. माझी बहीण बँकेत आहे, तिच्याकडे वर्षाकाठी जेमतेम दोन किस्से निघतात आणि ते दोन्ही जेवणाच्या डब्याचे असतात. आमच्याकडे एका ज्वालामुखीने दोन दिवसांत जेवढे दिले तेवढे मला अजून पुरतायत.

आधी आमची ओळख करून देते. भाईंदर पूर्वेला गोडदेवमध्ये खाली फरसाणवाला आणि वर आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. मालक किरीटभाई. तिकिटांना मी आणि मेल्विन. मी परळहून लग्न करून इकडे आले. मेल्विन डोंगरीचा, म्हणजे उत्तनच्या बाजूच्या डोंगरीचा. मुंबईतल्या डोंगरीचा नव्हे. हे त्याला दर गिऱ्हाइकाला सांगावं लागतं आणि तो ते न कंटाळता सांगतो.

त्या आठवड्यात बुधवारी मेल्विनचं लग्न होतं. येत्या रविवारपासून चर्चचा आगमनकाळ लागणार होता, आणि एकदा तो लागला की नाताळ होईपर्यंत त्यांच्यात लग्न लागत नाही. त्यामुळे तारीख हलण्यातली नव्हती. त्याची आई कुवेतला एका घरात स्वयंपाकाला आहे. वडील नाहीत. मुलाच्या लग्नाला त्या घराने तिला रजा दिली ती अगदी शेवटच्या घटकेला, म्हणून मेल्विनने तिचं तिकीट व्हाया मस्कत काढलं. सोमवारी निघायचं, रात्री मुंबई. मंगळवारी संध्याकाळचा विधी, बुधवारी लग्न. जगाला तिकिटं काढून देणाऱ्या माणसाने आईचं तिकीट किती वेळा तपासलं असेल ते विचारू नका.

आणि सोमवारी बातमी आली की आफ्रिकेत ज्वालामुखी फुटलाय, त्याची राख समुद्रावरून आपल्याकडे येतेय आणि विमानं थांबवतायत.

*

किरीटभाईंनी बातमी वाचली आणि ते तडक खाली गेले. पाच मिनिटांनी वर आले ते एक बोट उभं धरून. बोटाचं टोक करडं झालं होतं. आपल्या गाडीच्या काचेवरून त्यांनी ते फिरवून आणलं होतं. आम्हा दोघांना दाखवलं, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला दाखवलं. गिऱ्हाईक घाबरलं. त्याने तोंडाला रुमाल लावला.

मेल्विनने बोटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "किरीटभाई, ही मेट्रोच्या कामाची आहे. गेली पाच वर्षं येतेय."

*

दुपारपर्यंत ऑफिसात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मीरा रोडचे एक काका होते. त्यांची मुलगी लंडनला, तिच्या बाळंतपणाला निघाले होते. काकू शांत होत्या, काका तापलेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की राख आहे तर आहे, बाजूने जायला काय झालं? काशीमीऱ्याला जाम लागला की रिक्षावाला नाही का आतल्या रस्त्याने काढत? मग एवढ्या शिकलेल्या पायलटला काय धाड भरलीय?

मी समजावलं. किरीटभाईंनी समजावलं. राख इंजिनात गेली तर इंजिन बंद पडतं, हे मी कागदावर चित्र काढून दाखवलं. काकांनी त्याच कागदावर राखेच्या वरून एक रेघ मारली आणि म्हणाले, हे बघा, जातंय की.

शेवटी मेल्विन उठला, नकाशा असलेलं जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढून काकांसमोर ठेवलं. "काका, इथे राख. आता आतून काढा बघू."

काकांनी चष्मा लावला. बोट फिरवत फिरवत वर नेलं आणि तिथेच थांबले. सध्या आपल्या विमानांना पाकिस्तानवरून जायला बंदी आहे हे त्यांनाही माहीत होतं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "जावई आहे तिकडे. आपण गेल्याशिवाय मूल जन्माला यायचं थांबत नाही."

*

किरीटभाईंच्या ऑफिसात एक नियम आहे. 'कॅन्सल' हा शब्द उच्चारायचा नाही. धंद्याच्या जागी अशुभ बोलू नये, असं त्यांच्या बापूजींचं सांगणं. फ्लाइट पुढे गेली म्हणा, वेळ बदलली म्हणा, एअरलाइन विचार करतेय म्हणा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पासवर्डच्या आधी हे शिकवतात. दिवसभर आम्ही फोनवर इतक्या लोकांना "एअरलाइन विचार करतेय" सांगितलं, की एका बाईंनी विचारलं, स्थळ बघायला आलेत का?

संध्याकाळी मेल्विन आमच्यासाठी वडापाव आणायला खाली गेला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याची रजा, म्हणून आज त्याच्यातर्फे. तेवढ्यात त्याच्या स्क्रीनवर मेसेज आला. किरीटभाई मागेच उभे होते. त्यांनी वाचला आणि मॉनिटर बंद केला. मग परत चालू केला. मग परत बंद.

मेल्विन वर आला. त्याच्या हातात पुडा होता. किरीटभाई म्हणाले, "मेल्विन, पहिले चा पी ले."

"काय झालं?"

"तारा मम्मीनी... तुझ्या मम्मीची फ्लाइट..." आणि ते थांबले. पुढे गेली म्हणणं खोटं होतं, वेळ बदलली म्हणणंही खोटंच होतं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस असा अडकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बोला किरीटभाई," मेल्विन म्हणाला. "कॅन्सल."

तो शब्द ऑफिसात पडला. किरीटभाईंनी मेल्विनच्या हातातून पुडा घेतला आणि टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटलं, पण त्याच वेळी तीन फोन वाजत होते, म्हणून मी एक उचलला.

*

मंगळवारी मेल्विन रजेवर होता, म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. घरी बसून काय करू, म्हणाला. आई मस्कतच्या विमानतळावर आतच अडकली होती. बाहेर पडायला तिच्याकडे तिथला व्हिसा नव्हता. याने गोव्याचं बघितलं, अहमदाबादचं बघितलं, कोचीचं बघितलं. एक सीट दिसायची आणि क्लिक करेपर्यंत जायची. आणि मधूनमधून गिऱ्हाइकं येत, त्यांचीही तिकिटं तोच बदलून देत होता. त्यातल्या एकाने त्याच्यावर आवाज चढवला, तुमच्या घरचं कोणी अडकलं असतं म्हणजे कळलं असतं, म्हणून. मेल्विन "बरोबर आहे सर" म्हणाला. मी मात्र त्या माणसाला पाणी विचारलं नाही.

त्याच सकाळी नया नगरचे तीन भाऊ आले. त्यांची अम्मी मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेली होती, परतीचं विमान जेद्दाला उभं. तिघंही एअरलाइनवर केस करायच्या तयारीत. बूढी औरत आहे, शुगर आहे, अकेली आहे. मेल्विनने ग्रुपच्या माणसाचा नंबर शोधून अम्मींना फोनवर घेतलं आणि स्पीकर चालू केला. तिघं एकदम बोलू लागले.

अम्मींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेटा, अल्लाह ने दो दिन ज़्यादा दिए हैं। तुम लोग बीच में मत पड़ो।"

आणि फोन ठेवला. तिघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. धाकट्याने जाताना मेल्विनला विचारलं, आपका कौन अटका है? मेल्विनने सांगितलं. धाकटा खाली जाऊन फरसाणवाल्याकडची जिलेबी घेऊन परत वर आला आणि ठेवून गेला.

*

सावंतांचं आम्हाला नंतर कळलं, पण ते घडलं त्याच दिवशी, म्हणून इथेच सांगते.

सावंत पती-पत्नी गोडदेवचीच, आमचीच गिऱ्हाइकं. आयुष्यातली पहिली फॉरेन टूर, दुबई. त्यांच्या सोसायटीने सोमवारी गेटवर हार घालून निरोप दिला होता. चेअरमनने भाषण केलं होतं. वॉचमनने बॅगा उचलल्या होत्या. आणि विमानतळावर गेल्यावर कळलं, विमान नाही.

आता हार घालून घेतलेला माणूस त्याच गेटमधून बॅगा घेऊन परत कसा येणार? सावंतांनी टॅक्सी परस्पर भाईंदर पश्चिमेच्या राई गावात नेली. वहिनींची बहीण तिथे राहते, खाडीच्या बाजूला. विमान सुटेपर्यंत तिथे राहायचं, फोनवर लोकेशन बंद, स्टेटस काही टाकायचं नाही. उत्तम बेत.

मंगळवारी सकाळी सावंत हाफ पँटवर राईच्या नाक्याला दूध आणायला गेले. आणि समोर चेअरमन. त्यांना राईची गावठी भाजी लागते, दर मंगळवारी स्कूटरवरून येतात.

दोघं पाहत राहिले. चेअरमनच्या हातात वांगी, सावंतांच्या हातात दुधाची पिशवी.

"सावंत," चेअरमन म्हणाले, "तुम्ही दुबईला होता ना?"

"ट्रान्झिटमध्ये आहे," सावंत म्हणाले, आणि चालायला लागले.

*

दुपारनंतर मेल्विनने स्वतःच कॉम्प्युटर बंद केला. आईला मिळालेलं पहिलं विमान बुधवारी रात्रीचं होतं. म्हणजे ती पोचेपर्यंत लग्न लागून जेवणं उठलेली असणार. त्याने आईला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. ती रडली नाही. तिने त्याला विचारलं, काही खाल्लंस का, आणि सुटाला इस्त्री झाली का. रडला तो. त्याने फोन ठेवला आणि रुमाल शोधू लागला, मी माझी ओढणी पुढे केली.

"किरीटभाई, मी निघतो," तो म्हणाला. "पाण्याला वेळ होईल."

किरीटभाईंनी शटर खाली ओढलं. दिवाळी सोडून इतर दिवशी ते लवकर ओढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "वैशालीबेन, चलो," मला म्हणाले. आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून डोंगरीला गेलो.

पाणी म्हणजे उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला मांडवात आंघोळ घालतात. मेल्विनच्या घरी पहिला तांब्या आईचा. तिच्या आधी कोणी पाण्याला हात लावत नाही. मेल्विनच्या बापाला त्याच्या आईने घातलं, आजोबांना त्यांच्या आईने.

विहिरीवरून मिरवणूक आली. लाल-हिरवी लुगडी, डोक्यावर घागरी, पुढे बँड, मागे पोरंटोरं. घागरी मांडवात उतरवल्या. मेल्विन पाटावर बसला, गंजीफ्रॉकवर, डोळे मिटून, मान खाली घालून. आणि मग सगळं थांबलं. बायका रोझी आत्याकडे बघू लागल्या. ही त्याच्या बापाची थोरली बहीण, घरात शेवटचा शब्द तिचा.

तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. आईला व्हिडिओवर घ्यायचं, आईने तिकडून 'वत', म्हणजे ओत, म्हणायचं आणि तिच्या नावाने आत्याने तांब्या घालायचा. न्हाय त्यापेक्षा हाय ते बरं, म्हणाली. फोन कोणी धरायचा यावर वाद नको म्हणून तो परक्याच्या, म्हणजे माझ्या हातात दिला.

मस्कतला फोन लागला. त्या बाई एका खुर्चीत बसल्या होत्या, मागे लोक बॅगांवर झोपलेले, मांडीवर पाण्याची बाटली. मी फोन मेल्विनच्या डोक्यावर धरला, कॅमेरा खाली करून, म्हणजे त्यांना मुलगा दिसावा. स्क्रीन माझ्याकडे होती. कुवेतच्या त्या घरातून दोन वर्षांनी रजा मिळालेली ती बाई मुलाच्या डोक्याकडे एकटक बघत होती. बँडवाले थांबले होते.

आत्याने तांब्या भरून वर धरला. फोनकडे बघून तिने मोठ्याने हाक दिली, "वयनी, वत गो!"

तिकडे मस्कतला त्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मांडीवरची बाटली उचलली, झाकण काढलं. मला वाटलं, घसा कोरडा पडला असेल. त्यांनी बाटली पुढे आणली आणि स्वतःच्या फोनवर ओतली. हळू, सावकाश, डोक्यावर घालतात तशी, दुसरा हात खाली धरून. माझ्या हातातल्या स्क्रीनवर त्यांचा चेहरा पाण्याखाली हलला, पसरला, आणि अंधार झाला.

मी परत लावला. फोन बंद. परत लावला. बंद.

मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्या हातातली काळी स्क्रीन पाहिली. तिच्या हातातला भरलेला तांब्या अजून वरच होता. किरीटभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती.

पाटावर मेल्विन तसाच, कोरडा, डोळे घट्ट मिटून बसला होता. त्याला काहीच दिसलं नव्हतं. थोडा वेळ वाट बघून त्याने खाली मान घालूनच विचारलं, "आयनी घातला का पानी?"

"घातला," आत्या म्हणाली. "आता आमचा घे."